सोडवल्यावर सगळं उत्तर ‘नॅन’, पण तोच कोड जुन्या मशीनवर चालतोय

मोजणीदार

नमस्कार मंडळी. चार दिवसांपासून एकाच जागी अडकलोय. मी सर्व्हेचं काम करतो आणि मोजलेल्या बिंदूंवरून जमिनीच्या उंचीचा पृष्ठभाग तयार करण्यासाठी क्रिगिंगचा कोड स्वतः लिहिला आहे. पायथन आणि त्याची आकडेमोडीची लायब्ररी नम्पाय, बाकी काही नाही. दोन वर्षं हा कोड बिनतक्रार चालला. गेल्या आठवड्यात नवीन मशीन आलं आणि त्याच डेटावर, त्याच कोडने, उत्तरातला एकूण एक आकडा ‘नॅन’ (‘नॉट अ नंबर’, म्हणजे संख्याच नाही) यायला लागला.

डेटा असा: ३,१८४ बिंदू, यूटीएम या नकाशाच्या सहनिर्देशक पद्धतीतले, मीटरमध्ये. ईस्टिंग (पूर्वेकडचा आकडा) ३,८०,००० च्या आसपास, नॉर्दिंग (उत्तरेकडचा) २०,४०,००० च्या आसपास. पूर्व-पश्चिम साधारण सहा किलोमीटर, दक्षिण-उत्तर चार. आकडे तीन दशांश स्थळांपर्यंत.

कोड काय करतो ते शब्दांत सांगतो. आधी प्रत्येक बिंदूच्या दोन्ही सहनिर्देशकांच्या वर्गांची बेरीज काढतो. मग डेटाच्या मॅट्रिक्सला तिच्याच ट्रान्सपोझने (ओळी आणि स्तंभ अदलाबदल करून) गुणतो. पहिल्या बिंदूची बेरीज अधिक दुसऱ्याची बेरीज उणे गुणाकाराची दुप्पट, म्हणजे अंतराचा वर्ग. शाळेतलंच सूत्र आहे. लूप लागत नाही, काम पटकन होतं. त्याचं वर्गमूळ म्हणजे अंतराची मॅट्रिक्स ‘डी’. अंतरावरून एक्स्पोनेन्शियल मॉडेलने को-व्हेरियन्सची मॅट्रिक्स ‘के’ (कोणत्या बिंदूचा कोणाशी किती संबंध), कर्णावर थोडा नगेट (मोजणीतल्या चुकीसाठीची छोटी भर), आणि शेवटी सॉल्व्ह, म्हणजे समीकरणं सोडवणं.

आधी वाटलं ‘के’ सिंग्युलर (जिची समीकरणं सुटत नाहीत अशी) झाली असेल, म्हणून नगेट दहापट केला. फरक नाही. स्यूडो-इन्व्हर्स घेऊन पाहिला, तर ‘एसव्हीडी डिड नॉट कन्व्हर्ज’ (मॅट्रिक्स फोडण्याचं गणित जमलं नाही) असा एरर आला, त्यामुळे कंडिशनिंगचाच, म्हणजे मॅट्रिक्स सिंग्युलरच्या जवळ असण्याचाच घोळ आहे ही शंका पक्की झाली. ‘डी’मध्ये नॅन आहे का तेही तपासलं: ‘डी’ची नॅनशी बरोबरीच्या चिन्हाने तुलना केली, सगळीकडे फॉल्स आलं. ‘डी’ प्रिंट करूनही पाहिली. ठीकठाक दिसते. फक्त दुसऱ्या बिंदूचं स्वतःपासूनचं अंतर शून्याऐवजी ०.०३१२५ दिसतं. तीनच सेंटीमीटर आहेत म्हणून ते सोडून दिलं.

नवीन मशीनमध्येच काही दोष असेल का? परत पाठवण्याची मुदत अजून आहे म्हणून विचारतो.

द्रुतगती

मशीनला काही झालेलं नाही. असं मलाही एकदा झालं होतं. ‘के’वर नॅन-टू-नम फंक्शन लावा, सगळे नॅन शून्य होतील आणि सॉल्व्ह चालेल. दोन मिनिटांचं काम.

मोजणीदार

लावलं. सॉल्व्ह चाललं, आकडे आले, पण पृष्ठभागावर मोजलेल्या बिंदूंपाशी सुया उभ्या राहिल्यासारखं दिसतंय. सपाट शेतात बारा-बारा मीटरचे खड्डे आणि सुळके. हे मी कोणाला देऊ शकत नाही.

अपूर्णांक

नॅन-टू-नम आधी काढून टाका. सुया का आल्या ते पुढे सांगते. त्याआधी तुमच्या तपासण्यांबद्दल, कारण त्यांनीच तुम्हाला चार दिवस चुकीच्या वाटेवर ठेवलं.

बरोबरीच्या चिन्हाने नॅन कधीच सापडत नाही. आयट्रिपलई ७५४ हे फ्लोटिंग पॉइंटचं (गणकयंत्रात अपूर्णांकी संख्या साठवण्याचं) मानक १९८५ साली ठरलं. त्याच्या नियमानुसार नॅन कशाशीच समान नसतो, दुसऱ्या नॅनशी नाही आणि स्वतःशीसुद्धा नाही. त्यामुळे मॅट्रिक्स नॅनने काठोकाठ भरलेली असली तरी तुमची तुलना फॉल्सच देणार. आयझनॅन वापरा. त्याहून चांगलं म्हणजे आयझफायनाइट, त्यात इन्फिनिटीही पकडली जाते.

प्रिंटचंही तेच. हजाराहून जास्त घटक असले की नम्पाय प्रत्येक बाजूने पहिले तीन आणि शेवटचे तीन एवढेच दाखवतं. तुमच्या मॅट्रिक्समध्ये एक कोटीहून जास्त जागा आहेत. तुम्ही त्यातल्या छत्तीस पाहिल्या.

एसव्हीडीचा एरर तर सरळ दिशाभूल करतो. तो फक्त ‘जमलं नाही’ एवढं सांगतो, आणि आत नॅन गेला तरी तसंच सांगतो. उलट सॉल्व्ह तक्रारच करत नाही. त्याच्या लेखी पिव्हट (ज्या आकड्याने ओळ भागायची तो) शून्य असेल तर मॅट्रिक्स सिंग्युलर. नॅन शून्याच्या बरोबर नसतो, म्हणून तो तपासणीतून सुटतो आणि पुढच्या प्रत्येक ओळीत उतरतो. मॅट्रिक्समध्ये एक नॅन असला तरी सॉल्व्हनंतर सगळं उत्तर जातं. त्यामुळे शेवटी किती नॅन आहेत याला काही अर्थ नाही, पहिला कुठे जन्मला ते शोधायचं.

आता एवढं करून कळवा. फाइलच्या सुरुवातीला सेटएरमध्ये (नम्पायच्या वॉर्निंगचं काय करायचं ते ठरवणाऱ्या फंक्शनमध्ये) ‘ऑल इग्नोर’ असं काही लिहिलंय का ते पाहा. मला वाटतं असणार, नाहीतर तुम्हाला वॉर्निंग दिसली असती. असेल तर तिथे ‘रेझ’ करा, म्हणजे कोड नेमका गुन्ह्याच्या जागी थांबेल. मग वर्गमूळ घेण्याआधीच्या मॅट्रिक्समध्ये किती आकडे ऋण आहेत, कोणत्या जागी आहेत आणि केवढे आहेत ते सगळ्या दशांशांसह पाठवा. तो ०.०३१२५ मला स्वस्थ बसू देत नाहीये.

मोजणीदार

ताई, ‘ऑल इग्नोर’ होतंच. जुन्या एका स्क्रिप्टमधून ती ओळ आली होती, तिथे मुद्दाम शून्याने भागून नंतर दुरुस्ती केलेली होती. ‘रेझ’ केल्यावर कोड वर्गमुळाच्या ओळीवर थांबला: ‘इनव्हॅलिड व्हॅल्यू एन्काउंटर्ड इन एसक्यूआरटी’.

ऋण आकडे ३९१ आहेत, आणि सगळेच्या सगळे कर्णावर. म्हणजे बिंदूचं स्वतःपासूनचं अंतर! बाहेर एकही नाही. आणि मला थांबवलं ते याने: सगळे ३९१ आकडे एकच आहेत, उणे ०.०००९७६५६२५. मग उत्सुकतेने उरलेला कर्ण पाहिला. ४०२ जागी अधिक ०.०००९७६५६२५ आणि बाकी २,३९१ जागी शून्य. तिसरा आकडाच नाही. जुन्या मशीनवर चालवलं, तिथे कर्ण पूर्ण शून्य.

मग कर्णावर सरळ शून्य भरून टाकलं. सगळं चालतंय, उत्तर जुन्या मशीनशी मिलिमीटरपर्यंत जुळतंय. झालं ना काम?

अपूर्णांक

नाही, थांबा.

०.०००९७६५६२५ म्हणजे नेमका १ भागिले १०२४. दोनाचा पूर्ण घात. आणि त्याचं वर्गमूळ म्हणजे १ भागिले ३२, तुमचा ०.०३१२५. मोजणीतली चूक असती किंवा मशीन बिघडलेलं असतं तर आकडे वाटेल तसे आले असते. इतका नीटस आकडा ३९१ वेळा येतो तेव्हा तो राउंडिंगची पायरी असतो. गणकयंत्र तुम्हाला सांगतंय की या हिशोबात १/१०२४ पेक्षा बारीक काही मला दिसतच नाही.

का दिसत नाही ते मांडून बघा. तुमच्या नॉर्दिंगचा वर्ग ४ लाख कोटींच्या पुढे जातो. ईस्टिंगचा वर्ग मिळवला की साधारण ४.३ लाख कोटी. दशांश चिन्हाच्या आधीच तेरा अंक झाले. फ्लोट६४ मध्ये, म्हणजे तुमचा कोड वापरतो त्या ६४ बिटांच्या संख्येत, ५३ बायनरी अंक मावतात, म्हणजे दशमानातले साधारण सोळा. तेरा आधीच खर्च झाले, चिन्हानंतर तीन उरले. नेमकं सांगायचं तर ४.३ लाख कोटींच्या आसपास दोन शेजारच्या फ्लोट६४ संख्यांमध्ये १/२०४८ एवढं अंतर असतं, आणि दोन बिंदूंच्या बेरजा एकत्र करून ८.६ लाख कोटी झाले की १/१०२४. तुम्ही असे दोन अवाढव्य आकडे एकमेकांतून वजा करताय आणि उरलेल्या चिमूटभरातून दोन बिंदूंमधलं अंतर मागताय. मोठे अंक एकमेकांना खाऊन टाकतात. खाली उरतो तो राउंडिंगचा गाळ.

जुन्या मशीनचं कोडंही यातच सुटतं. तुम्ही वर्गांची बेरीज एका वाटेने काढता (वर्ग, मग बेरीज) आणि गुणाकार दुसऱ्या वाटेने, बीएलएएस या मॅट्रिक्स-गणिताच्या लायब्ररीमधून. नव्या प्रोसेसरमध्ये गुणाकार आणि बेरीज एका दमात करून शेवटी एकदाच राउंड करणारी सूचना असते. तिला एफएमए म्हणतात. इंटेलच्या प्रोसेसरमध्ये ती २०१३ च्या हॅसवेल पिढीपासून आली. तुमचं जुनं मशीन त्याआधीचं असेल तर तिथे दोन्ही वाटांनी सारख्याच जागी राउंडिंग होतं, दोन्ही आकडे तंतोतंत सारखे येतात आणि वजाबाकी शून्य होते. नव्यावर एका वाटेने एक राउंडिंग कमी होतं, म्हणून काही बिंदूंना शेवटच्या अंकाचा फरक पडतो. कधी या बाजूला, कधी त्या. तुमचे ३९१ आणि ४०२ इतके जवळ आहेत ते म्हणूनच. खरं तर नवं मशीन जास्त अचूक गुणाकार करतंय. ते परत पाठवू नका.

सुयांचं कारणही आता कळेल. ‘डी’च्या कर्णावर नॅन, म्हणून ‘के’च्या कर्णावर नॅन. तिथे खरं तर संपूर्ण व्हेरियन्स हवा, मॅट्रिक्समधला सगळ्यात मोठा आकडा. नॅन-टू-नमने तिथे शून्य ठेवलं. बिंदूचा शेजाऱ्यांशी संबंध आहे पण स्वतःशी नाही, असं तुम्ही ३९१ बिंदूंबद्दल सांगितलंत. शून्य हे ‘माहीत नाही’चं दुसरं नाव नाही. तो एक ठाम आकडा आहे, आणि इथे तो पूर्ण चुकीचा होता.

आता ज्यासाठी थांबवलं ते. कर्णावर शून्य भरून तुम्ही फक्त ती जागा झाकलीत जिथे बरोबर उत्तर आपल्याला आधीच माहीत होतं. कर्णाबाहेरच्या एक कोटी जागाही त्याच पायऱ्यांवर उभ्या आहेत. पाचशे मीटर अंतरावर १/१०२४ कोणाच्या खिजगणतीत नाही. पण तुमच्याकडे जवळजवळचे बिंदू असतीलच, रस्त्याच्या कडेचे, बांधाच्या वरच्या-खालच्या काठाचे. दोन बिंदूंमध्ये खरं अंतर ५ सेंटीमीटर असेल तर वर्ग ०.००२५. तो आकडा या पायऱ्यांवर बसतच नाही. तो २/१०२४ वर बसेल किंवा ३/१०२४ वर, म्हणजे अंतर ४.४ येईल किंवा ५.४, आणि बाकीची राउंडिंग मिळून आणखी एखादी पायरी सरकली तर ३.१ किंवा ६.२५. तिथे नॅन येणार नाही, वॉर्निंगही येणार नाही. आणि जुन्या मशीनवरही हे असंच होत होतं. उत्तर त्याच्याशी जुळलं याचा अर्थ दोन्ही सारखीच चुकली असाही होऊ शकतो.

म्हणून जरा बघा, दहा सेंटीमीटरच्या आतल्या सगळ्या अंतरांची यादी काढा आणि किती वेगवेगळे आकडे येतात ते मोजा.

मी हे इतकं लांबण लावून सांगतेय कारण माझ्या हातून हेच झालं होतं. दोन दिशांमधला कोन काढताना डॉट प्रॉडक्ट १ च्या किंचित वर, १.०००००००००००००००२ जायचा, आर्क-कोसाइन नॅन द्यायचा. मी १ च्या वरचं कापून टाकलं आणि पुढे गेले. पुढे अडीच महिन्यांनी कळलं की ज्या कोनांना नॅन आला नव्हता ते लहान कोनही अंदाजेच होते, आणि तोवर त्यावर उभं राहिलेलं बरंच काम पुन्हा करावं लागलं.

समांतर

वरचं सगळं बरोबर आहे. मी ग्राफिक्स कार्डवर काम करतो, म्हणून एक भर घालतो, कारण पुढे डेटा वाढला की वेगासाठी तुम्ही तिकडे वळाल आणि तिथे बहुतेक ठिकाणी फ्लोट३२ आधीपासूनच निवडलेलं असतं.

फ्लोट३२ मध्ये २४ बायनरी अंक असतात. ४.३ लाख कोटींपाशी दोन शेजारच्या संख्यांमधलं अंतर २,६२,१४४ होतं. हेच सूत्र तिथे चालवलं तर अंतराच्या वर्गाची पायरी ५,२४,२८८ चौरस मीटरची, म्हणजे शून्यानंतरचं पहिलं अंतरच ७२४ मीटर. तुमचं निम्मं गाव एका बिंदूत येईल आणि कर्णावरचे नॅन तर मोजायलाच नकोत.

सूत्र बदललं तरी सुटका नाही. २०,४०,००० हा आकडा नुसता फ्लोट३२ मध्ये ठेवला तरी त्याची पायरी साडेबारा सेंटीमीटरची असते. त्यामुळे आकडे लहान करायला बिंदूंची सरासरी वजा करायची ती फ्लोट६४ मध्ये असताना, आणि मग रूपांतर. उलट क्रमाने केलं तर वजाबाकीच्या आधीच डेटा गेलेला असतो, नंतर काहीही करा.

मोजणीदार

अपूर्णांकताई, तुम्ही सांगितलेली यादी काढली. जुन्या मशीनवर, जिथे ‘सगळं बरोबर’ होतं.

दहा सेंटीमीटरच्या आतल्या जोड्या २१८. त्यात वेगळे आकडे फक्त नऊ. ३.१२५, ४.४२, ५.४१, ६.२५, ६.९९ असे. मोजणी मिलिमीटरमध्ये केलेली, आणि अंतरं नऊच. माझ्या व्हेरिओग्रामच्या (अंतराप्रमाणे उंचीतला फरक कसा वाढतो त्याच्या) आलेखात डाव्या टोकाला पायऱ्या दिसायच्या. दोन वर्षं दिसत होत्या. मला वाटायचं उपकरणाच्या अचूकतेमुळे तसं असेल, आणि नगेट मी त्या पायऱ्यांवरून ठरवत होतो. जुनं मशीन चालू राहिलं असतं तर अजूनही ठरवत राहिलो असतो. नव्याने नॅन दिला म्हणून कळलं.

आता दुरुस्ती काय करावी यावर मत हवंय. मला दोन मार्ग दिसतात: आधी सरासरी वजा करून तेच सूत्र, किंवा सायपाय या लायब्ररीचं अंतर काढणारं फंक्शन सीडिस्ट.

अपूर्णांक

दोन्ही चालतील, पण सारखे नाहीत.

सरासरी वजा केली की तुमचे आकडे उणे ३,००० ते अधिक ३,००० मध्ये येतात. वर्गांची बेरीज जास्तीत जास्त १.३ कोटी. तिथे पायरी इतकी बारीक होते की अंतरातली सगळ्यात वाईट फट साधारण ०.०६ मिलिमीटर. तुमची मोजणी मिलिमीटरची, त्यामुळे ते पुरे. पण लक्षात घ्या, कर्णावर बारीकसा ऋण आकडा तेव्हाही येऊ शकतो, कारण सूत्र तेच आहे. तिथे मॅक्सिममने शून्याच्या खालचं कापणं योग्य आहे, कारण आता आपण किती कापतोय ते आपल्याला माहीत आहे. कापण्याआधी सगळ्यात ऋण आकडा एकदा तपासा. तो दहा-लाखांश चौरस मीटरपेक्षा मोठा निघाला तर कोड थांबवा.

सीडिस्ट आधी दोन बिंदूंचे सहनिर्देशक वजा करतं आणि मग वर्ग करतं. स्वतःतून स्वतःला वजा केलं की शून्य, ऋण येण्याचा प्रश्नच उरत नाही. जवळच्या आकड्यांची वजाबाकी फ्लोटिंग पॉइंटमध्ये मुळात अचूकच असते. घोटाळा होतो तो आधी राउंड झालेले वर्ग वजा केल्यावर. सीडिस्ट मॅट्रिक्स गुणाकारापेक्षा हळू आहे, पण ३,१८४ बिंदूंना ते जाणवणार नाही. मॅट्रिक्स ८१ एमबीचीच आहे. मी तुमच्या जागी सीडिस्ट घेईन.

आणि सॉल्व्हऐवजी चोलेस्की (मॅट्रिक्स फोडून समीकरणं सोडवण्याची पद्धत) वापरा, सायपायमधलं. को-व्हेरियन्सची मॅट्रिक्स पॉझिटिव्ह डेफिनिट, म्हणजे कुठल्याही मिश्रणाला ऋण किंवा शून्य व्हेरियन्स न देणारी, असायलाच हवी. चोलेस्की ते तपासतं आणि नसेल तर एरर देतं. सायपाय आत शिरण्याआधी नॅन आणि इन्फिनिटीही बघतं. वेगासाठी ‘चेक फायनाइट’ बंद करायचा सल्ला ठिकठिकाणी दिसेल, बंद करू नका. एक कोटी आकडे एकदा पाहण्याचा खर्च चोलेस्कीच्या खर्चापुढे काहीच नाही.

मोजणीदार

सीडिस्ट आणि चोलेस्की, दोन्ही बसवलं. कर्ण दोन्ही मशीनवर शून्य. दहा सेंटीमीटरच्या आतल्या जोड्या आता २२३ आहेत, पाच जोड्या आधी पायरीवर चढून दहाच्या बाहेर पडल्या होत्या. वेगळे आकडे २०७.

व्हेरिओग्रामचं डावं टोक सरळ झालं. नगेट आधीच्या जेमतेम एक तृतीयांश निघाला, त्यामुळे पृष्ठभाग मोजलेल्या बिंदूंना जास्त जवळून धरतोय. बांधाची कड पहिल्यांदाच कड म्हणून दिसतेय, आधी ती नेहमी उतारासारखी पसरायची.

‘ऑल इग्नोर’ची ओळ सगळ्या फाइलींतून काढली. जिथे शून्याने भागणं खरंच अपेक्षित आहे तिथे फक्त त्या दोन ओळींभोवती एररस्टेट (तेवढ्यापुरती वॉर्निंग बंद) लावलं. त्या काढण्यात आणखी एका स्क्रिप्टने तोंड उघडलं: एका स्तंभातले सगळे आकडे सारखे, व्हेरियन्स शून्य, आणि कोरिलेशन काढताना शून्य भागिले शून्य. ते आज रात्री बघतो.

या कोडने केलेली आधीची अकरा कामं माझ्याकडे आहेत. त्यातली सात मोकळ्या मैदानाची, जवळचे बिंदू जवळपास नाहीतच, तिथे फरक पडू नये, तरी चालवून बघणार. बाकी चार बांध आणि कालव्यांची आहेत. ती पुन्हा करतोय, आणि ज्यांना दिली होती त्यांना सोमवारी कळवतो.